मागणी नंबर तीन

कारंज्याच्या कापूस बाजारात मी चाळीस वर्षं दलाली केली. त्यामुळे संपादकांचा निरोप आला, की दिवाळी अंकासाठी कापसाच्या आठवणी लिहा. कापसावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ज्या कामात हरलो, त्या कामाबद्दल लिहितो.

ते काम म्हणजे फटफटीवाल्यांसाठी नागपूरच्या एमेल्यांच्या, म्हणजे आमदारांच्या, मागे लागणं. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. आम्ही अकोला जिल्ह्यात, अकोला जुन्या मध्य प्रदेशात, आणि मध्य प्रदेशाची विधानसभा नागपुरात. कायदे करणाऱ्यांना गाठून आपलं म्हणणं त्यांच्या गळी उतरवणं, या कामाला इंग्रजीत एक नाव आहे असं मला अलीकडे नातवानं सांगितलं. आम्ही त्याला 'नागपूर करणं' म्हणत होतो. दलाल कुठे गेले असं कोणी विचारलं, की आमची आई सांगायची, "नागपूर करायले गेला."

कारंज्यात त्या वेळी पंधरा-सोळा फटफट्या असतील. बहुतेक लढाईतल्या, लष्करानं लिलावात काढलेल्या, हिरव्या रंगाच्या. मालक म्हणजे आम्ही दलाल, जिनिंगचे इंजिनवाले, एक डॉक्टर आणि एक कीर्तनकारबुवा. बुवा टाळ पेट्रोलच्या टाकीला बांधून गावोगाव जात आणि ते यायच्या आधी टाळ पोचत. या सगळ्यांचं मंडळ मी काढलं आणि चिटणीसही मीच झालो, कारण बाकीच्यांना भांडता येत नव्हतं. मी हमालाचा मुलगा. पाठीवर पोती वाहिली, मग पोती शिवली, मग मापाऱ्याच्या हाताखाली राहिलो. तिशीच्या आत दलालीचा परवाना काढला. जे मिळालं ते घासाघीस करून आणि वेळेला ओरडून मिळवलं, त्याची मला लाज नाही.

भांडण होतं नाक्याचं. इंझोरीकडे जाणारा रस्ता तेव्हा कच्चा, काळ्या मातीचा. पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत त्यावर मोटारींना बंदी. रस्ता सुरू होतो तिथे आडवा लाकडी दांडा, दांड्याला कुलूप आणि कुलपापाशी गणपत नाकेदार. बैलगाडी आली की तो दांडा उचलायचा. फटफटी आली की नाही, कारण सरकारी कागदात फटफटी म्हणजे मोटार. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ओल्या रस्त्यात वीतभर चर पाडते. फटफटी पाडते बोटभर. चर पाडणाऱ्याला रस्ता मोकळा आणि बोटभर रेघ ओढणाऱ्याला बंद, हा न्याय मला आजही पटलेला नाही.

तरीसुद्धा खरं सांगायचं तर मी एकटा असतो तर या नाक्यासाठी नागपूरला गेलो नसतो. पावसाळ्यात कापसाच्या दलालाला खेड्यात काय काम?

एका पावसाळ्यात मात्र एका गिऱ्हाइकाच्या आग्रहानं मी त्याची पऱ्हाटी, म्हणजे वावरातला उभा कापूस, बघायला निघालो होतो. नाक्यावर यमुनाबाई उभ्या होत्या. कारंज्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. इंझोरीच्या बाजूची दहा-बारा खेडी त्यांच्याकडे, बाळंतपणासाठी. यवतमाळकडच्या. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, मग अमरावतीला जाऊन नर्सचं शिक्षण. हातात पत्र्याची पेटी आणि पायात चिखल. यायची ती बैलगाडी आली नव्हती.

"दलाल, इथूनच मागं फिरा," गणपत म्हणाला.

"काहून?"

"मोटार बंद हाये."

"हे तुले मोटार दिसून राह्यली काय? चाकं मोज."

"मले काई दिसत नाई. साहेबानं लेहून ठेवलं, मोटार बंद."

यमुनाबाई म्हणाल्या, "नाकेदारभाऊ, तिकडं एक बाई कालपासून अडली हाये. मी पायी गेली तं दिवस मावळन."

"तुमी जा ना बाई. तुमाले कोण अडवते? फटफटी नाई जाणार."

मी आवाज चढवणार होतो, पण गणपतचा चेहरा बघून सौदा कुठे बसेल याचा अंदाज आला. मी विचारलं, "गणपत, नाक्याच्या बाजूचं हे वावर कोणाच्या हद्दीत?"

"वावर माह्याकडे नाई."

"मंग तिथून कोणी फटफटी ढकलत नेली तं?"

"म्या कशाले पाहू? माहं तोंड रस्त्याकडे असते," असं म्हणून तो खरोखर रस्त्याकडे तोंड करून बिडी पेटवायला लागला.

ज्वारीच्या धुऱ्यावरून आम्ही फटफटी ढकलत नेली. मी पुढून, बाई मागून. पलीकडे निघाल्यावर त्या मागे बसल्या. नऊवारीचा काष्टा, त्यामुळे पाय दोन्हीकडे टाकून, पेटी मांडीवर घेऊन. काळ्या मातीत फटफटी चालवायची म्हणजे पुढच्या चाकावरचं पाखं, म्हणजे मडगार्ड, आधी काढून टाकावं लागतं, नाही तर त्यात चिखल भरून चाक जाम होतं. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. दर थोड्या वेळानं थांबून काडीनं चिखल उकरायचा आणि पुढे जायचं. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या, "दलालसाहेब, तुमची फटफटी पोटुशी हाये काय? दर कोसाले बसून राह्यली."

गावातल्या सगळ्या पुरुषांना त्या भाऊ म्हणत. नाकेदारालाही भाऊच. मला दलालसाहेब म्हणाल्या आणि शेवटपर्यंत दलालसाहेबच म्हणत राहिल्या.

ती बाई सुटली. मुलगी झाली. मी बाहेर निंबाखाली बसून होतो. बाई हात धुऊन आल्या, गुळाच्या चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अर्धा घंटा उशीर झाला असता तं दोघीबी गेल्या असत्या." एवढंच. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पुढचं पाखं काढून माळ्यावर टाकायचं. पुढे कित्येक पावसाळे ते मी लावलंच नाही.

दोन पावसाळे आम्ही त्या वावरातून काढले. दवाखान्याचा शिपाई निरोप घेऊन यायचा आणि मी बाजारातून उठायचो. लोक बोलत. बाजारातून जाताना लोक आमच्याकडे बघत आणि बाई बघणाऱ्याकडे बघत, मग तोच मान खाली घालायचा. तिसऱ्या वर्षी वावरवाल्यानं काट्यांचं कुंपण केलं. त्याचाही दोष नाही, त्याची ज्वारी तुडवली जात होती. रस्त्यावर नवा साहेब आला, त्यानं दांड्याच्या दोन्ही बाजूंना चर खणला. मी रस्त्यानं जायचा हट्ट केला आणि माझ्यावर खटला भरला. तेव्हा ठरवलं, गणपतशी आणि साहेबाशी भांडून उपयोग नाही, ज्यांनी नियम केला त्यांच्याकडे जायचं.

नागपूर कसं करायचं हे शिकायला मला दोन अधिवेशनं लागली. एमेल्याला सभागृहाच्या दारात गाठायचं नाही. तिथे त्याला सगळेच गाठतात आणि तो सगळ्यांनाच हो म्हणतो. त्याला गाठायचं सकाळी, उतरला असेल त्या खोलीत, दाढी चालू असताना. गालाला साबण आणि गळ्याशी वस्तरा असला की माणूस उठून जात नाही, मध्ये बोलतही नाही, मुकाट्यानं ऐकतो. म्हणून मी एमेल्यांच्या आधी त्यांच्या न्हाव्याशी ओळख केली. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. गावाकडचा हुरडा न्यायचा, पाऊसपाणी बोलायचं आणि उठायचं. दुसऱ्या भेटीत त्यानंच विचारलं पाहिजे, काय काम काढलं? न विचारता सांगितलेलं काम कोणी करत नाही.

एक एमेले चांगले वजनदार होते, शरीरानंही आणि सभागृहातल्या दबदब्यानंही. ते म्हणाले, "पहिले मले बसवून तं दाखवा, मंग पाहू." बसवलं. सीताबर्डीपर्यंत गडी खूश. दोन्ही हातांनी माझे खांदे धरून मोठ्यानं हसत होते. परतताना धोतराचा सोगा साखळीत गेला. मी गाडी थांबवेपर्यंत अर्धं धोतर साखळीनं गिळलं होतं. माझा दुपट्टा गुंडाळून त्यांना खोलीवर पोचवलं. दोन दिवसांनी फटफटी हे किती धोक्याचं वाहन आहे यावर ते सभागृहात मन लावून बोलले.

आणखी एक म्हणजे एका खात्यातला बाबू. आमचा अर्ज त्याच्या टेबलावरून पुढे सरकायचा. पहिल्यांदा म्हणाला, "लिख के लाइए।" लिहून नेलं. "हिंदी में लाइए।" हिंदीत नेलं. "टाइप करा के लाइए।" टाईप करून नेलं. चौथ्यांदा म्हणाला, "हाशिया कम छोड़ा है।" म्हणजे समास कमी सोडलाय. मी टेबलावर मूठ आपटली. दौत उडाली आणि शाई त्याच्या सदऱ्यावर. दोन शिपायांनी मला धरून जिना उतरवून दिला. त्या एका मुठीनं आमचं काम एक अधिवेशन मागे गेलं. यमुनाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा राग तुमाले परवडते, दलालसाहेब. मले नाई परवडत."

त्यांच्या हातात कागद होता. वरच्या हापिसातून आलेला. पावसाळ्यात या भागात फेऱ्या होत नाहीत, सबब नर्सची ही जागा पक्क्या सडकेच्या गावी हलवावी, असा विचार आहे, एवढाच मजकूर. येत्या दोन पावसाळ्यांत फेऱ्या सुरू झाल्या नाहीत तर बाईंना जावं लागणार होतं आणि त्या दहा-बारा खेड्यांतल्या बायकांना कोणी राहणार नव्हतं. आणि मला. पण हे तिसरं मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

मी नवा अर्ज तयार केला. त्यात पाच मागण्या. फटफटीचा कर कमी करावा. वर्षाची तपासणी जिल्ह्याच्या गावी न करता तहसिलीत करावी. तिसरी, पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर फटफटीला मोटार समजू नये; कारण म्हणून बाळंतपणाच्या फेऱ्यांची एक ओळ. चौथी आणि पाचवी आता आठवत नाहीत, इतक्या त्या भरतीच्या होत्या. बाजारात आम्ही असंच करतो. ज्या भावाला द्यायचं तो भाव कोणी आधी बोलत नाही. आजूबाजूला चार गोष्टी मांडायच्या, त्या सोडत सोडत आपल्याला हव्या त्या ठिकाणी यायचं. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: जो ढीग घ्यायचा त्याच्याकडे बघायचं नाही. ज्याच्या डोळ्यांत गरज दिसली तो मेला.

यमुनाबाईंनी अर्ज वाचला. "माह्यं कितवं हाये?"

"तिसरं."

"तिसरं काहून? मले तं हे एकच पायजे. बाकीचं कोणाले पायजे?"

"बाकीचं सोडाले ठेवलं हाये. पाच मागितले तं दोन भेटतात."

"आन त्याईनं हेच सोडलं तं?"

"बाई, दलाली तुमी करता का मी?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि परत दिला. त्या वेळी मला वाटलं, त्यांना पटलं.

आमच्या भागातले एक एमेले होते, त्यांना अप्पासाहेब म्हणू. मोठे शेतकरी. आठ-दहा वर्षं त्यांचा कापूस माझ्याच हातून जात होता, त्यामुळे ते माझी रीत ओळखत होते. फटफटीचा अर्ज ज्या समितीपुढे आला तिच्यात ते होते. त्या सकाळी मी न्हाव्याच्या मागोमाग खोलीत गेलो. दाढी झाल्यावर अप्पासाहेबांनी चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला, कानामागची पेन्सिल काढली.

"पाच मागण्या हायेत. पाच काई होत नाईत. खातं दोनाले राजी हाये, लय झालं तं तीन. मले तुमी आता सांगा, तुमाले पायजेच असं कोणतं?"

चार वर्षं ज्या प्रश्नासाठी नागपूर केलं तो प्रश्न समोर होता. माझं काळीज इतकं उडत होतं की ते त्यांना ऐकू जाईल अशी भीती वाटली. आणि काळीज उडालं की बाजारात मी जे करतो तेच केलं. खिडकीबाहेर बघायला लागलो.

"कराचं पाहा. फटफटीवाले त्याच्यापाईच रडतात. तपासणीचंबी पाहा."

"हे नाक्याचं?"

"नाक्याचं," मी पान लावता लावता म्हणालो, "आलं तं आलं. चार महिन्याची तं गोष्ट हाये."

मला वाटलं, स्वस्त दिसलं की सहज देतील. सौदा झाल्यावर व्यापारी वरून मूठभर टाकतो, तसं. मला ती मूठच हवी होती. अप्पासाहेबांनी मान हलवली, कागदावर पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "झालं समजा." मी खाली उतरलो आणि बर्डीवर जाऊन दोन पेले उसाचा रस प्यालो, इतका आनंद झाला होता.

हुकूम निघाला. कर कमी झाला. तपासणी तहसिलीत आली. मागणी नंबर तीनपुढे लिहिलं होतं, अर्जदारांचा आग्रह नाही.

कारंज्यात माझा सत्कार झाला. सगळ्या फटफट्यांची मिरवणूक निघाली, पुढे वाजंत्री, मी हारांत. कीर्तनकारबुवांनी भाषणात मला फटफटीवाल्यांचा वकील म्हटलं. मिरवणूक दवाखान्यावरून गेली तेव्हा यमुनाबाई फाटकात उभ्या होत्या. हसून विचारलं, "आपलं आलं?"

आपलं, असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. मी वाजंत्रीच्या आवाजात ओरडून सांगितलं, "पुढच्या अधिवेशनात."

पुढच्या अधिवेशनात मी एकच मागणी घेऊन जाणार होतो. पण छप्पन साली राज्यच बदललं. आम्ही मुंबई राज्यात गेलो, नागपूरची विधानसभा मोडली. ज्या न्हाव्याला, ज्या शिपायांना, ज्या एमेल्यांना मी चार वर्षं ओळखीचं करून ठेवलं होतं, ते सगळे एका दिवसात निरुपयोगी झाले. मुंबईला लिहिलं तर उत्तर आलं, जुने कागद भोपाळला असतील. भोपाळनं कळवलं, मुंबईला असतील. नव्या राज्यात सगळं पहिल्यापासून करायचं होतं आणि पावसाळे मोजकेच उरले होते.

मग मी अप्पासाहेबांच्या गावी गेलो आणि त्यांच्या ओसरीवर उभा राहून वाट्टेल ते बोललो. विश्वासघात म्हणालो. त्यांची सून चहा घेऊन आली ती दारातूनच परत गेली. अप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच म्हणाले होते, आलं तं आलं."

"अहो, मी दलाल. तुमाले आठ वर्षं ठाऊक हाये मी कसा बोलतो."

"बाजारात तुमी खोटं बोलता हे मले ठाऊकच हाये," अप्पासाहेब म्हणाले. "पण तिथं तुमी बायालेकराच्या कामाले आलते. मले वाटलं, इथं तं माणूस खरं बोलून राह्यला."

मी पुन्हा त्यांचा कापूस विकला नाही. ते गेले तेव्हा मयतीलाही गेलो नाही. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की अप्पासाहेबांनी माझी तिसरी मागणी कापली. पान लावता लावता मी काय म्हणालो होतो, ते आज पहिल्यांदा लिहितोय.

तो रस्ता आता डांबरी आहे. नाका कुठे होता हे दाखवायला गेलो तरी कोणाला पटत नाही, तिथे सोयाबीन आहे. अंगात फटफटी चालवायची ताकद राहिली नाही, तेव्हापासून कधी कधी मी एसटीनं इंझोरीपर्यंत जातो, स्टँडवर चहा घेतो आणि परत येतो. काम काहीच नसतं. ज्या घरासमोर निंबाखाली बसलो होतो त्या घराची खूण नीट लागत नाही. पुढे माझं लग्न झालं, भरला संसार झाला. मी असा जाऊन आलो आणि गप्प बसलो, की आमची मालकीण ताट वाढताना म्हणायची, "आज तिकडच्या सडकेनं गेल्ते वाटते." कधी रागावून नाही. तीही गेली आता. पावसात काळ्या मातीचा वास आला की मला अजून खांद्यापाशी कोणीतरी पत्र्याची पेटी सावरतंय असं वाटतं.

बदलीचा हुकूम सत्तावन्नच्या पावसाळ्यात आला, वर्धेकडचा. यमुनाबाईंना छोट्या गाडीनं मुर्तिजापूरला जाऊन मोठी गाडी धरायची होती. एक ट्रंक, एक वळकटी आणि ती पेटी. सामान टांग्यात गेलं, त्या माझ्या मागे बसल्या. दवाखाना ते स्टेशन, पक्की सडक, दहा मिनिटं. मी जितकी हळू चालवता येईल तितकी हळू चालवली.

छोटी गाडी तेव्हाही उशिराच यायची. फलाटावर आम्ही दोघं आणि टांगेवाला. त्यानं वळकटी नीट बांधली आहे ना ते दोनदा बघितलं आणि जरा दूर जाऊन उभा राहिला. शहाणा माणूस.

यमुनाबाई म्हणाल्या, "सिव्हिल सर्जनले लेहून देलं तं बदली थांबते म्हणे. कोणी इथलं मोठं माणूस सोबत गेलं पायजे."

मी रुळांकडे बघत होतो. म्हणालो, "हो, ऐकलं."

"इथं ठेवाचं असन तं कारण दाखवा लागते. दवाखान्याचं नसलं तं घरचं. लग्नाचं असलं तरी चालते."

आवाजात काही विनवणी नव्हती, सरकारी नियम सांगावा तसं सांगितलं. पण सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या, सरळ, बाजारात लोकांकडे बघायच्या तशा. माझं काळीज पुन्हा उडायला लागलं. मी खिशातून चंची काढली आणि पान लावायला लागलो.

गाडी दिसायला लागली. लांबून तिचा धूर आणि मग आवाज.

"तुमचं काई म्हणणं असन तं आता सांगा, दलालसाहेब."

मी म्हणालो, "माहं काय म्हणणं असणार? तिकडं पक्की सडक हाये म्हणतात. तुमाले बरं पडन."

त्यांनी मान हलवली. टांगेवाल्यानं ट्रंक चढवली, मी वळकटी दिली. पेटी त्यांनी स्वतःच घेतली आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या.